१२ ऑक्टोबर २०२०: मुंबईचं वीज-बेट का टिकलं नाही

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. लोकल होत्या तिथेच थांबल्या, सिग्नल विझले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. करोनाची साथ ओसरलेली नव्हती. लोकलने प्रवासाची मुभा तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांनाच होती, त्यामुळे रुळांवर उतरून चालत निघालेले बरेचसे लोक शहराला त्या दिवशी सर्वांत जास्त हवे असलेलेच होते. मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. शेअर बाजार आणि विमानतळ चालू राहिले. अत्यावश्यक सेवांची वीज दुपारपर्यंत परतली. काही उपनगरांत मात्र ती यायला रात्र झाली.

या घटनेवर पुढे सहा महिने एकच वाद चालला: हा हल्ला होता की चूक? वाद महत्त्वाचाच आहे. पण शहराच्या सज्जतेचं मूल्यमापन करायचं तर दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. बाहेरच्या वाहिन्या पडल्यावर मुंबईने स्वतःपुरतं वेगळं होऊन तग धरायची व्यवस्था (वीज-बेट, म्हणजेच ‘आयलँडिंग’) १९८१ पासून आहे. त्या दिवशी ती का चालली नाही? वाहिनी कोणी पाडली याचं उत्तर काहीही आलं, तरी या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही.

खुलासे

पहिला खुलासा त्याच दिवशी आला. महापारेषण या राज्याच्या उच्चदाब वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीच्या ४०० केव्ही कळवा-पडघा यंत्रणेत पहिल्या सर्किटचं देखभालीचं काम सुरू होतं, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्या दुसऱ्या सर्किटमध्ये बिघाड झाला, असं तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलं. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले.

दुसरा खुलासा साडेचार महिन्यांनी आला, तोही अमेरिकेतून. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या सायबर सुरक्षा कंपनीने ‘रेडएको’ असं नाव दिलेल्या, चीनशी संबंधित गटाबद्दल अहवाल प्रसिद्ध केला. भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्था (त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं, म्हणजे ग्रीडवरचा मागणी-पुरवठा सांभाळणारे नियंत्रण कक्ष) आणि दोन बंदरं या गटाच्या निशाण्यावर होती, असं त्यात म्हटलं होतं. मुंबईच्या अंधाराशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत हे वाक्य फारसं उतरलं नाही. लगेच १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली, आणि मग विधिमंडळात तपशील दिला: यंत्रणेत १४ ट्रोजन (छुपे घातक प्रोग्रॅम), परदेशी सर्व्हरवरून वीज मंडळाच्या संगणकांत आलेला असावा असा आठ जीबी हिशेबाबाहेरचा डेटा, आणि काळ्या यादीतल्या आयपी पत्त्यांवरून लॉग-इनचे प्रयत्न.

तिसरा खुलासा दिल्लीचा. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की सायबर हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण मुंबईचा अंधार मानवी चुकीमुळे झाला. राष्ट्रीय ग्रीड चालवणाऱ्या तेव्हाच्या पोसोको या कंपनीच्या काही नियंत्रण केंद्रांवर ‘शॅडोपॅड’ हे मालवेअर असल्याचा इशारा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने १९ नोव्हेंबर २०२० रोजीच दिला होता आणि कामकाजावर त्याचा परिणाम झाला नाही, असं ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं.

हे तिन्ही खुलासे एकत्र खरे असू शकतात. कार्यालयीन संगणकांत ट्रोजन सापडणं आणि ब्रेकर (वाहिनी तोडणारा मोठा स्विच) उघडणं यांच्यात बरंच अंतर असतं. सापडलेलं मालवेअर जर बिलं, ई-मेल आणि पगाराच्या जाळ्यात असेल, तर ते उपकेंद्रातल्या नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोहोचलं होतं का, हे वेगळं दाखवावं लागतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ‘मानवी चूक’ हा निष्कर्षही दिलासा देणारा नाही. एक सर्किट बंद असताना दुसरं पडलं की दोन-अडीच हजार मेगावॉटचं शहर विझतं, हे त्या दिवशी ज्यांना पाहायचं होतं त्या सगळ्यांनी पाहिलं. त्यात घातपात करू इच्छिणारेही आले.

शहराला वीज येते कशी

मुंबईत ग्राहकाच्या दारात वीज पोहोचवणारे चार जण आहेत: शहर बेटावर बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. त्यांच्या डोक्यावर पारेषण, आणि सगळ्यांच्या वर कळवा-ऐरोली परिसरातलं राज्य भार प्रेषण केंद्र. वीज कायदा २००३ च्या कलम ३३ प्रमाणे या केंद्राचा आदेश प्रत्येक परवानाधारकाने पाळायचा असतो, वाद असला तरी आधी पाळून मग.

शहराची स्वतःची निर्मिती म्हणजे टाटांचं तुर्भे (ट्रॉम्बे) केंद्र (५०० आणि २५० मेगावॉटचे औष्णिक संच, १८० मेगावॉटचा गॅस संच), टाटांचीच खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रं (मिळून सुमारे ४४७ मेगावॉट), आणि अदानींचं डहाणू (५०० मेगावॉट). बेरीज १,८७७ मेगावॉट. ऑक्टोबरच्या त्या सकाळी मागणी अडीच हजारांच्या आसपास होती, उन्हाळ्यात ती साडेतीन हजारांच्या वर जाते. म्हणजे घरचे सगळे संच पूर्ण क्षमतेने फिरत असले तरी सगळ्या शहराला पुरत नाहीत. आणि ते सगळे कधीच पूर्ण क्षमतेने फिरत नसतात. बाहेरची वीज स्वस्त पडली की घरचा संच कमी भारावर ठेवतात किंवा बंद करतात, आणि जलविद्युत संध्याकाळच्या कमाल मागणीसाठी राखतात. अर्थशास्त्र म्हणून यात काहीच चूक नाही. पण बाहेरून दोन हजार मेगावॉट आणण्याची सवय लागली की बेट कागदावरच उरतं.

म्हणून ‘आयलँडिंग’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ग्रीडपासून तुटताना शहर पूर्ण उजळलेलं ठेवणं हे त्याचं काम नाहीच. घरात जेवढी वीज बनते आहे तेवढाच भार जवळ ठेवायचा आणि उरलेला भार ताबडतोब सोडून द्यायचा, म्हणजे रुग्णालयं, रेल्वे, पाणी आणि नियंत्रण कक्ष चालू राहतात आणि संच बंद पडत नाहीत.

पहिला सेकंद

‘ताबडतोब’ म्हणजे किती, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, त्या दिवशीचे नाहीत.

समजा बेटात १,२०० एमव्हीए क्षमतेची यंत्रं फिरत आहेत आणि त्यांचा जडत्वांक ४ सेकंद आहे, म्हणजे फिरत्या वस्तुमानात पूर्ण भाराला चार सेकंद पुरेल इतकी ऊर्जा साठलेली आहे. निर्मिती १,००० मेगावॉट, भार १,५००. तूट ५००. ही तूट यंत्रांच्या फिरण्यातून भरून निघते, म्हणून यंत्रं मंदावतात आणि विजेची वारंवारता (ती यंत्रांच्या वेगाशी बांधलेली असते, नेहमी ५० हर्ट्झ) सेकंदाला सुमारे २.६ हर्ट्झ या वेगाने खाली येते. ५० वरून ४९ वर यायला ०.३८ सेकंद. कमी वारंवारतेचा रिले (मोजून ब्रेकरला उघडायला लावणारं उपकरण) ४९ वर बसवला असेल तर त्याने मोजून खात्री करायला आणि ब्रेकरने प्रत्यक्ष उघडायला मिळून पाव सेकंद धरा. तोवर वारंवारता ४८.३५ झालेली असते. औष्णिक संच ४७.५ च्या आसपास स्वतःच्या बचावासाठी बंद होतात, आणि तिथे पोहोचायला एकूण एक सेकंदही लागत नाही. एक संच गेला की तूट वाढते, उतार आणखी तीव्र होतो आणि पाठोपाठ बाकीचे जातात.

इथे माणसाला करण्यासारखं काहीच नाही. फोन उचलायलाही वेळ नाही. जे ठरायचं ते आधी बसवलेल्या रिलेंनी ठरतं, म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ या रिलेंच्या तक्त्यावर, म्हणजे कोणता फीडर (एका भागाला वीज देणारी वाहिनी) कधी तोडायचा या यादीवर, घालवायला हवा. तिथे सापडणारे दोष बहुतेक ठिकाणी तेच ते असतात. तक्त्यात ‘हा फीडर २० मेगावॉट’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा मे महिन्यातल्या दुपारचा. ऑक्टोबरच्या सकाळी त्याच फीडरवर ११ असतात, म्हणजे ५०० तोडायचे ठरवून प्रत्यक्षात २७५ तुटतात. एखाद्या फीडरवर मध्यंतरी रुग्णालय किंवा मंत्र्यांचं निवासस्थान आलं, म्हणून तो योजनेतून काढला, पण त्याच्या जागी दुसरा घातलाच नाही. एकच फीडर राज्याच्या योजनेतही मोजलेला असतो आणि मुंबईच्या योजनेतही. एकदा विनाकारण ट्रिप झाला म्हणून कोणी तरी रिलेची ट्रिप-जोडणी काढून फक्त घंटी ठेवली आणि ती परत जोडायची राहून गेली. या चारही गोष्टी उघड करायला प्रयोगशाळा लागत नाही. तक्ता, फीडरची प्रत्यक्ष भारनोंद आणि उपकेंद्रातली वायरिंग शेजारी ठेवून पाहायला एक माणूस आणि तीन आठवडे पुरतात.

एक दोष मात्र तक्त्यात दिसत नाही. मोठ्या वाहिन्या पडताना नुसती वारंवारता घसरत नाही, व्होल्टेजही कोसळतं. बऱ्याच रिलेंमध्ये व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की वारंवारता मोजणं थांबवण्याची सोय असते, कारण विकृत लहरीवरची मोजणी भरवशाची नसते. शांत दिवशी ही सोय योग्यच. पण ज्या क्षणासाठी रिले बसवला नेमक्या त्याच क्षणी तो गप्प बसू शकतो. म्हणून चाचणी फक्त वारंवारता उतरवून करायची नाही. वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही एकत्र उतरवून रिले काय करतो ते पाहायचं.

रिलेंच्या आधीचा टप्पा माणसांचा असतो, आणि ‘मानवी चूक’ या शब्दांना खरा अर्थ तिथेच येतो. एक सर्किट बंद झालं त्या क्षणापासून यंत्रणा ‘आणखी एक गेलं तर?’ या प्रश्नाला नापास होत असते. सकाळचे नऊ वाजले की मागणी चढू लागते. तेव्हा नियंत्रण कक्षासमोर तीन रस्ते असतात: जलविद्युत संच वर चढवणं, देखभालीचं काम थांबवून सर्किट परत घेणं, किंवा दोन-तीनशे मेगावॉटचं भारनियमन आपणहून करणं. तिसरा रस्ता कोणालाच नको असतो. अर्ध्या तासाच्या भारनियमनाबद्दल जाब विचारला जातो, टळलेल्या अंधाराचं श्रेय मात्र कोणाला मिळत नाही. म्हणून हा निर्णय शिफ्टमधल्या अभियंत्याच्या धीरावर सोडू नये. ‘अमुक वाहिनी बाहेर आणि उरलेल्यांवर तमुक ॲम्पिअर’ ही मर्यादा लेखी असावी आणि ती ओलांडली की भार सोडण्याचा आदेश आपोआप लागू व्हावा.

डहाणू त्या दिवशी कामाला आलं. तिथून सुमारे ३८५ मेगावॉट मुंबईच्या अत्यावश्यक सेवांना देत असल्याचं कंपनीने सकाळीच जाहीर केलं. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती, ती शहराच्या एका भागापुरतीच तगली.

अंधारातून उभं राहणं

संच बंद पडले की क्रम उलटा होतो. आधी छोटं डिझेल जनित्र, त्यावर जलविद्युत संच, त्या संचावर एक वाहिनी आणि त्या वाहिनीवरून औष्णिक केंद्राच्या पंख्यांना आणि पंपांना वीज. पाचशे मेगावॉटच्या संचाला स्वतः सुरू होण्यासाठी तीसएक मेगावॉट बाहेरून लागतात. संच गरम असताना हे जमलं तर काही तासांत काम होतं, थंड झाला तर दिवस जातो. भार जोडताना दहा-वीस मेगावॉटचेच तुकडे घ्यायचे, कारण बराच वेळ बंद राहिलेल्या भागाचा भार पहिल्या काही मिनिटांत नेहमीच्या दीडपट-दुप्पट येतो. सगळे फ्रीज आणि एसी एकदमच मागू लागतात. मुंबईसारख्या भूमिगत केबलच्या शहरात आणखी एक अडचण: भार नसलेली लांब केबल जोडली की व्होल्टेज वर जातं आणि नुकताच उभा राहिलेला संच पुन्हा ट्रिप होतो.

२०२० मध्ये लागू असलेल्या ग्रीड संहितेत ब्लॅक स्टार्टच्या (बाहेरची वीज नसताना केंद्र सुरू करण्याच्या) डिझेल जनित्रांची दर आठवड्याला चाचणी आणि पुनर्स्थापनेची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम सांगितली होती. नियम चांगला आहे. पण जनित्र सुरू करून दहा मिनिटांनी बंद करणं म्हणजे ब्लॅक स्टार्टची चाचणी होत नाही. मृत वाहिनी चार्ज करून पलीकडचा पंप फिरवून दाखवला तरच ती चाचणी.

आणि उपकेंद्रातली बॅटरी. ब्रेकर उघडायला-मिटायला लागणारी डीसी वीज ११० किंवा २२० व्होल्टच्या बॅटरी बँकेतून येते. चार्जर बंद असताना ती काही तासच टिकते. त्यानंतर वाहिनीवर वीज आली तरी ब्रेकर मिटवता येत नाही. एक कमजोर सेल पूर्ण बँक निकामी करतो, आणि तो नुसतं व्होल्टेज मोजून कळत नाही. खऱ्या भारावर डिस्चार्ज चाचणीच घ्यावी लागते. शहराचा अंधार लांबवणाऱ्या कारणांत हे सगळ्यांत स्वस्तात सुटणारं कारण आहे.

पुरावा कुठे असतो

हल्ला की चूक हा वाद सहा महिने चालला याचं एक कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. ब्रेकर तीन तऱ्हांनी उघडतो. संरक्षण रिलेने उघडला तर रिलेत विद्युतप्रवाह आणि व्होल्टेजच्या लहरींची नोंद राहते. जागेवर हाताने उघडला तर स्विच ‘स्थानिक’वर असल्याची नोंद असते. दुरून स्काडा या संगणकी नियंत्रण यंत्रणेद्वारे उघडला तर नियंत्रण कक्षात आदेशाची नोंद, उपकेंद्राच्या गेटवेत तो पोहोचल्याची नोंद, आणि रिलेत मात्र बिघाडाची काहीच नोंद नाही. ब्रेकर उघडला, बिघाड नाही, आणि आपल्या कोणी आदेशही दिला नाही, अशी जोडी सापडली तर घातपाताचा संशय पक्का होतो. ती नसेल तर आठ जीबी डेटा चिंतेचा विषय राहतो, अंधाराचं कारण ठरत नाही. चौथी शक्यता जास्त बेमालूम: आधीच कोणी रिलेची सेटिंग बदलून ठेवली, आणि मग खऱ्याखुऱ्या भारवाढीनेच तो चुकीच्या वेळी ट्रिप झाला. ती पकडायला ‘दिलेली सेटिंग’ आणि ‘सापडलेली सेटिंग’ अशा दोन फाइली जुळवाव्या लागतात. दिलेली सेटिंग कुठे तरी वेगळी, जाळ्याबाहेर ठेवलेली नसेल तर जुळवणार कशाशी?

प्रत्यक्षात पुरावा हरवतो तो दोन साध्या कारणांनी. रिलेची स्मृती चक्राकार असते: ठरावीक नोंदी झाल्या की जुनी पुसली जाते. पुनर्स्थापनेच्या धांदलीत तीच वाहिनी चार-पाचदा ट्रिप झाली की सकाळची मूळ नोंद जाते. वीज आणणाऱ्यांना पुराव्यासाठी थांबा म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. म्हणून प्रत्येक मोठ्या उपकेंद्रात एक माणूस आधीपासून नेमलेला असावा. त्याचं काम फक्त नोंदी उतरवून घेण्याचं, ब्रेकरला त्याने हात लावायचा नाही.

दुसरं कारण घड्याळं. काही सेकंदांत चार-पाच संस्थांच्या यंत्रणांत घडलेल्या घटनांचा क्रम लावायचा तर सगळ्यांची घड्याळं जीपीएसवर मिलिसेकंदापर्यंत जुळलेली हवीत. एका उपकेंद्राचं घड्याळ दोन सेकंद मागे असेल तर कारण आणि परिणाम उलटे दिसतात, आणि मग प्रत्येक संस्था आपल्या नोंदीवर बोट ठेवून दुसरीकडे पाहते. ग्रीडवरची फेझर मापन यंत्रं (व्होल्टेज आणि प्रवाह जीपीएसच्या वेळेसह मोजणारी) सेकंदाला २५ वा अधिक नोंदी घेतात. क्रम लावताना त्यांचाच आधार धरावा.

तुलनेला युक्रेन घ्या. २३ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या तीन वितरण कंपन्यांचे ब्रेकर हल्लेखोरांनी दुरून उघडले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. ग्राहकांचे फोन लागू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या कॉलचा मारा केला, आणि उपकेंद्रांशी बोलणारी उपकरणं आतून निकामी केली. तरीही एक ते सहा तासांत वीज आली, कारण माणसं उपकेंद्रांत गेली आणि ब्रेकर हाताने मिटवले. आपल्याकडे मानवविरहित उपकेंद्रं वाढत आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त प्रत्येक उपकेंद्रात माणूस किती मिनिटांत पोहोचतो आणि त्याला हाताने ब्रेकर चालवता येतो का, हे दोन आकडे नोंदलेले हवेत.

विजेवर उभं असलेलं बाकी सगळं

घटनेनंतर रुग्णालयांनी किमान आठ तासांचं डिझेल ठेवावं, अशी सूचना निघाली. हिशेब सोपा आहे. ५०० केव्हीएचं जनित्र पाऊण भारावर तासाला सुमारे ८० लिटर खातं, आठ तासांना ६४० लिटर. नेहमीची ९९० लिटरची टाकी भरलेली असेल तर बारा तास निघतात. अडचण टाकी भरलेली नसण्याची आहे. जनित्राची सुरुवातीची बॅटरी मेलेली असते, नियंत्रण पॅनेल कोणी तरी ‘मॅन्युअल’वर ठेवून गेलेला असतो, दर महिन्याची चाचणी भार न जोडताच होते. आणि दुसऱ्या दिवशीचं डिझेल आणायचं तर पेट्रोल पंपाच्या यंत्रालाही वीज लागते. ज्या पंपांवर स्वतःचं जनित्र आहे त्यांची यादी प्रत्येक वॉर्ड कार्यालयात भिंतीवर हवी.

पाण्याचा हिशेब वेगळा. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं काही उतारावरून येतं, पण भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरला पंपाने उचलावं लागतं, आणि ते पंप ठाणे जिल्ह्यातल्या पुरवठ्यावर चालतात. त्यामुळे कळव्याकडचा बिघाड काही तासांनी दादरच्या नळात दिसतो. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही तासांच्याच हिशेबात टिकतात, म्हणून भार प्रेषण केंद्र, वीज कंपन्या, रेल्वे आणि पालिकेचा (१९१६ या मदत क्रमांकाचा) नियंत्रण कक्ष यांच्यातला संपर्क मोबाइलवर विसंबून चालत नाही. पारेषण कंपन्यांकडे स्वतःचं फायबर आणि वाहिनीवरून चालणारं दूरसंचार आहे. ते रेल्वेच्या आणि पालिकेच्या टेबलापर्यंत पोहोचलेलं असावं.

मुंबईच्या बाबतीत हे एकेक करून तपासणं पुरत नाही. ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जणांनी अनेक ठिकाणी एकाच वेळी हल्ला केला, आणि नंतर राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीला ठरलेली कार्यपद्धती प्रत्यक्षात पाळली न गेल्याचं आढळलं. या शहरात ‘एका वेळी एकच संकट’ हे गृहीतक धरून केलेलं मूल्यमापन मुळातच अपुरं आहे.

त्यानंतर

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली: प्रत्येक संस्थेत माहिती सुरक्षा अधिकारी, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून विलग, उपकरणं विश्वासार्ह पुरवठादारांकडूनच. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक केलं. पुराव्याच्या दृष्टीने हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून अधिसूचित करता येते आणि कलम ७०अ खाली अशा यंत्रणांच्या संरक्षणासाठी एनसीआयआयपीसी ही राष्ट्रीय संस्था २०१४ पासून आहे. कायद्याची कमतरता आता फारशी उरलेली नाही.

वाहिन्याही वाढल्या. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि सुमारे हजार मेगावॉट जास्त आणायची सोय झाली. कुडूस ते आरे ही हजार मेगावॉटची उच्चदाब डीसी योजनाही मंजूर झाली. मधे २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी मुलुंड-तुर्भे (ट्रॉम्बे) २२० केव्ही वाहिनी ट्रिप होऊन दक्षिण मुंबईचा भाग तासाभराहून अधिक काळ अंधारात होता, त्यामुळे या वाहिन्यांची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

पण एक गोष्ट उघडपणे मांडायला हवी. नव्या वाहिन्यांमुळे एखादी वाहिनी पडण्याची भीती कमी होते आणि बाहेरच्या विजेवरची भिस्त वाढते. घरचे संच त्यामुळे आणखी कमी फिरतील, आणि मग बेट करण्याची वेळ आली तर हातात राहणारी निर्मिती आजच्यापेक्षाही कमी असेल. यावर उपाय म्हणजे शहराच्या स्वतःच्या किमान निर्मितीची तासागणिक लेखी मर्यादा, तिचा खर्च दरात उघडपणे दाखवणं, आणि अत्यावश्यक भाराच्या केंद्रांजवळ बॅटरी साठवण. शंभर मेगावॉटची बॅटरी पाव सेकंदाच्या आत पूर्ण ताकद देऊ शकते, आणि पहिल्या सेकंदातल्या त्या उतारावर दुसऱ्या कशाचाच इतका जोर चालत नाही.

तालीम

वर्षातून एकदा, मे आणि ऑक्टोबर या चढ्या भाराच्या महिन्यांपैकी एकात, पूर्वसूचना न देता कागदी तालीम घ्यावी. टेबलावर भार प्रेषण केंद्र, चारही वितरक, मध्य आणि पश्चिम रेल्वे, पालिका, पोलीस आणि महाराष्ट्र सायबर. पाकिटं तीन.

पहिलं पाकीट सकाळी सव्वानऊला उघडायचं: एक ४०० केव्ही सर्किट देखभालीसाठी बाहेर, मागणी चढती. मोजायचं एवढंच की भार सोडण्याचा आदेश कितव्या मिनिटाला निघाला आणि वितरकाने तो कितव्या मिनिटाला पाळला.

दुसरं दहाला: दुसरं सर्किट गेलं, बेट वेगळं झालं. त्या दिवशीची प्रत्यक्ष निर्मिती आणि फीडरनिहाय प्रत्यक्ष भार पडद्यावर घेऊन हिशेब करायचा: तक्त्यातले फीडर तुटले असते तर वारंवारता कुठे थांबली असती.

तिसरं अकराला. स्काडाचा पडदा दाखवतो ते खरं नाही, मोबाइल बंद, आणि एका स्थानकावर बेवारस बॅग सापडल्याची खबर. आता कुठल्या उपकेंद्रात कोण निघालं, त्याच्याकडे चावी आहे का, आणि रिलेच्या नोंदी उतरवायला नेमलेला माणूस त्या क्षणी कुठे आहे, हे प्रत्येकाने नावासकट कागदावर लिहून द्यायचं.